दोन रेडिओग्रामांचा एक

फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी जेवायला बसलो होतो. अनोळखी नंबर. पलीकडून एक वयस्कर बाई दखनीत बोलत होत्या. "वसंतभाई ना? मैं नांदेड से बोल रई. तुम्हारी अक्का कू कुछ हो गया, भाई. जल्दी आओ." मी शांतपणे सांगितलं, "राँग नंबर लागलाय बाई. माझी अक्का माहूरला गेली आहे." फोन ठेवला आणि आमटीचा भुरका घेतला... त्याला आता कितीतरी आठवडे झाले, पण तो भुरका अजून घशाखाली उतरलेला नाही. फोन पुन्हा वाजला. या वेळी बाई रडत होत्या. "विमल... विमल नाम है ना उसका?"

विमल म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. लातुरात शिकवणी-वर्गांच्या भागात ती मुलींचं वसतिगृह चालवायची. महिन्या-दोन महिन्यांनी खांद्याला पिशवी अडकवून "देवीला जाऊन येते" म्हणून निघायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. एकट्या बाईला देवाचा आधार वाटतो, असं समजून आम्ही कधी जास्त विचारलं नाही. आणि आता ती नांदेडात, ज्या घराचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं त्या घरात, वारली होती. बायकोला घेऊन जीपने निघालो. खरं सांगतो, वाटेत मला दुःख झालंच नाही. डोकं सुन्न होतं आणि त्यात एकच प्रश्न फिरत होता... ही बाई कोण?

जुन्या नांदेडातलं ते दोन खोल्यांचं घर. दारात फोन करणाऱ्या त्या बाई, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या जुबेदा आपा उभ्या होत्या. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आत दिवाणावर अक्का निजली होती, अंगावर धुतलेली चादर. बोलता बोलता मान कलली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं आपा सांगत होत्या. मी मान हलवत होतो, पण नजर दिवाणापलीकडच्या लाकडी पेटाऱ्यावर खिळली होती. आडव्या कपाटाएवढा लांब, वर झाकण, झाकणाखाली तबकडी, दोन्ही अंगांना कापडामागे स्पीकर. कडेच्या एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण बसवलेलं. ते टोपण दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने लावलं होतं. दाजींचा हा रेडिओग्राम, रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकाच पेटीत असलेला, कधीच भंगारात गेला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दाजी औशाकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांच्या वडिलांनी हैदराबादेत कुणा गाव सोडून चाललेल्या साहेबाकडून हा स्टिरिओ रेडिओग्राम आणलेला. गावात त्याचं मोठं अप्रूप. पुढे तबकडी फिरवणारं आतलं रबरी चाक झिजलं आणि गाणी लांबत, रेंगाळत वाजू लागली. गणपतीच्या दिवसांत दाजी आणि अक्का तो टेम्पोत घालून दुरुस्तीला नांदेडला घेऊन आले, कारण आमचं घर तेव्हा तिथं होतं. दुकानदार म्हणाला, चाक हैदराबादहून मागवावं लागेल. दाजींना गावच्या विसर्जनाला परतायचं होतं. अक्काला म्हणाले, "तू ऱ्हा. चाक बसलं की वाजवून बघ, मगच ये."

त्या विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. दाजी गेले, त्यांची आई गेली. घर कुठं होतं तेही ओळखू येईना. दगडमातीच्या ढिगासमोर मी अक्काला दंडाला धरून उभा होतो. ती रडली नाही. ढिगाकडे बघतच मला म्हणाली, "वसंता, चाक आलं असंल का रं?" वाटलं, हिचं डोकं फिरलं.

चाक तेव्हा आलंच नाही. मला लातुरात शाळेत नोकरी लागली तेव्हा मी अक्कालाही घेऊन आलो. पुढे तिथं शिकवण्यांचं पेवच फुटलं. गावोगावचे आईबाप मुलींना घेऊन खोल्या शोधत फिरायचे. अक्काने एक जुना मजला भाड्याने घेतला, आणि ती त्या मुलींची अक्का झाली. तिच्या खोलीत मात्र तो मुका रेडिओग्राम. पुढे चाक मिळालं तोवर व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, गेले. व्हॉल्व्ह मिळाले तर मोटर जळाली. सुट्ट्या लागल्या की ती हैदराबादच्या जुन्या बाजारात, नांदेडच्या भंगाराच्या दुकानांत भटकायची, तेलकट हातांनी परत यायची. माझी बायको म्हणायची, "त्या पेटीपायी अक्का झुरून ऱ्हायल्यात." मग एक दिवस खोलीतली ती जागा रिकामी दिसली. "दिला," एवढंच अक्का म्हणाली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

अक्काचं सगळं लातूरला झालं. नातेवाइकांत कुजबुज झाली... तिथं कशी काय गेली, कुणाच्या घरात, किती दिवसांपासून. नंतर बायकोच म्हणाली, "काही असो, दाजींची वस्तू हाय. घरी आणा." मी टेम्पो ठरवून नांदेडला गेलो. आपांनी रेडिओग्राम पुसून, चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून ठेवला होता. म्हणाल्या, "अमानत है भाई, ले जाओ." आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा पिताना सगळं कळलं. एका दुकानदाराने अक्काला सांगितलं होतं की याच बनावटीचा दुसरा रेडिओग्राम आपांच्या घरी आहे, बंद पडलेला. अक्का तो सुट्या भागांसाठी मागायला आली. आपांनी तिला दारातूनच हाकललं. त्यांच्या शौहरची ती आठवण होती, आणि त्यांनाही तो वाजता करायचा होता. अक्का पुन्हा आली. पुन्हा भांडण. तिसऱ्यांदा आपांनी आत बोलावलं. शेवटी एके दिवशी अक्का आपली पेटी टेम्पोत घालून घेऊनच आली. कारागिराने दोन्ही खोलले आणि दोहोंतून एक उभा केला. सांगाडा अक्काचा, मोटर आपांची. चाक अक्काचं, सुई आपांची.

"पण तो लातूरला का नाही नेला तिने?" मी विचारलं. "आम्हाला सांगितलं का नाही?"

आपांनी कप खाली ठेवला. "मैं भी पूछी. तर म्हणाली, आपा, लातुरात लावला तर लोक म्हणतील, भूकंपातली बाई नवऱ्याची गाणी ऐकून रडून राहिली. मला रडायचं न्हाई. मला ऐकायचंय." मग त्या थोडं हसल्या. "बहुत हँसती थी तुम्हारी अक्का. कभी कभी नाचती भी थी."

"नाचायची? अक्का?"

"इधर ही. दिवाण सरकाके."

मी त्या जमिनीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं रोज भेटणारी माझी बहीण... तिला साधं गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या जाण्याने बसला नव्हता असा धक्का मला त्या क्षणी बसला. आमच्या घरात ती कायम भूकंपातली बाई होती, आणि तसं आम्हीच तिला ठेवलं होतं.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. मी उठून दारात गेलो. "काय सर, उचलायचा का? लई जड हाय का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "न्यायचं नाही काही. तू जा." आत आलो तेव्हा आपा माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. दुसरी गाठ मी सोडली. त्यांनी एक रेकॉर्ड लावली. आधी खरखर, मग दोन्ही अंगांनी सूर आले आणि ती लहानशी खोली भरून गेली. माझे डोळे भरून आले. मी रुमाल काढला तशा आपा म्हणाल्या, "इधर नक्को भाई. वो गुस्सा करती."

मी रुमाल परत खिशात ठेवला आणि ऐकत बसलो.