सिबिलावहिनींनी न लिहिलेला खर्ज

मी लेबरेख्त, पिंपं बनवतो. रविवारी आमच्या जर्मनीतल्या, थुरिंगिया भागातल्या गावच्या चर्चमध्ये खर्ज वाजवतो, माणसाएवढ्या उंच वाद्यावर. त्यामुळे सिबिलावहिनींच्या भांडणात मी आपसूक ओढला गेलो.

त्यांचे यजमान गॉटहिल्फ आमचे जुने संगीतमास्तर, माझे जिवलग. ते वारल्यावर वादकांसाठी सुरांची पानं उतरवून द्यायचं काम वहिनींनी घेतलं. हात असा, की एक टिंब इकडचं तिकडे व्हायचं नाही.

नवे मास्तर त्साइडलर लाइपझिगमध्ये शिकून आलेले. गुड फ्रायडेला गॉटहिल्फचीच रचना करायची ठरली, पण तालमीत त्यांनी दुरुस्त्या काढल्या.

"सुरुवातीला एकच सुरावट दहादा येते. लोक जांभया देतील. सहादा पुरे."

"बायबलात देवाच्या आज्ञा दहा ना, मास्तर?" वहिनींनी विचारलं. "तुमच्या लाइपझिगात सहावर आल्या का?"

वादक खो खो हसले. मास्तर लालबुंद झाले, पण दहा तसेच राहिले. मग त्यांनी माझं पान उचललं.

"आणि हे काय? मधल्या अख्ख्या गाण्यात लेबरेख्तला कामच नाही! तुमचे यजमान खर्ज लिहायला विसरले. भरून आणा."

"ते विसरले नव्हते. मी भरणार नाही."

"मग मी भरतो. आणि उद्यापासून पानं दुसरं कुणी उतरवील."

वहिनींनी दौतीला बूच लावलं आणि निघून गेल्या.

गुड फ्रायडेच्या सकाळी त्या माझ्या दारात उभ्या.

"भावजी, वाजवणार तुम्ही?"

"वहिनी, मास्तरांनी लिहून दिलंय. काय करू?"

"आमच्या दोन्ही मुली एका आठवड्यात तापानं गेल्या, त्या हिवाळ्यात यांनी हे लिहिलं. मीही विचारलं होतं, खर्ज कुठाय? म्हणाले, पायाखाली जमीनच उरली नाही, खर्ज कुठून आणू?"

वीस वर्षं गॉटहिल्फच्या शेजारी वाजवलं, पण हे मला ते कधी बोलले नव्हते.

"आणि ऑर्गनवाला? खर्ज तर तोही वाजवतो," मी विचारलं.

"त्याच्याकडूनच येतेय. तो हात मांडीवर ठेवणार आहे."

मधलं गाणं आलं. मास्तरांनी माझ्याकडे बघून खूण केली. मी गज गुडघ्यांवर आडवा ठेवला. ऑर्गनही गप्प. दोन बासऱ्या आणि वर एकटा आवाज. खाली काही नाही. मास्तरांचे डोळे मला जाळत होते, पण भर प्रार्थनेत थांबवणार कसं? वादकांच्या सज्ज्यातून खाली वहिनी दिसत होत्या. शेजारची पाववाली रुमालात तोंड घालून रडत होती. वहिनी ताठ बसून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिल्या.

मास्तरांनी मला सहा महिने वाद्याला हात लावू दिला नाही. वहिनींना काम परत मिळालं नाही ते नाहीच. त्या लेस विणून पोट भरू लागल्या आणि उरल्या वेळात नवऱ्याच्या सगळ्या रचना नव्यानं उतरवू लागल्या. सात वर्षं लागली. शेवटी पाठीवरच्या टोपलीत पानं घालून त्या चार कोसांवरच्या गावी निघाल्या. मी म्हटलं, गाडी जुंपतो.

"नको. तुमच्या गाडीत पिंपं फुटतात, कागदांचं काय होईल!"

मग मीही सोबत चालत गेलो. तिथल्या चर्चच्या मास्तरांना पानं देताना त्यांनी एकच अट घातली: काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही. मास्तरांनी तसं लिहून सही केली, तेव्हा कुठं वहिनींनी टोपली पाठीवरून उतरवली.