सातचं गेट

बदलापूरच्या त्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ होतं, आणि थाट असा की खऱ्या मंत्र्यांनी येऊन बघावा. आरोग्यमंत्री प्रार्थनेच्या वेळी पोरांची नखं तपासायचा. पाणीमंत्री होता, पण टाकीची किल्ली शिपाई शंकरमामांच्या कमरेला. सहलमंत्र्याला सहल कुठं जाणार ते बस सुटल्यावर कळायचं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण हे शहाणपण मोठ्यांचं झालं. दहावीतल्या यशोधराला ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली.

उभं राहण्याचं कारण होतं गोदू. गोदू तिच्या बाकावरची, राहायची सोनिवलीला. शाळेचं गेट सकाळी सातला लागायचं, आणि सोनिवलीहून येणारी शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलायची नाही. दोनचार वेळा गोदू बाहेर राहिली, तेव्हा शाळेनं तिच्या वडलांना, कोंडाजींना, बोलावून घेतलं. कोंडाजी भाजीवाला माणूस, भर बाजार सोडून आला, मान खाली घालून ऐकलं आणि घरी जाऊन पोरीला एकच सांगितलं, "पुन्यांदा शालेतून बोलावणं आलं ना, त नाव काढीन. तुझ्यापायी लोकांचं ऐकून घ्याला मना वेल नाय."

तेव्हापासून गोदू बापाच्या भाजीच्या टेम्पोत बसून अंधारात यायची आणि शाळेसमोरच्या बंद स्टेशनरीच्या पायरीवर उजाडायची वाट बघत बसायची. तिथं रात्रीचे उरलेसुरले दारुडे असायचे. एकदा एकजण तिच्या शेजारी येऊन बसला. गोदूनं हे घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तरी शाळाच बंद झाली असती. तिनं सांगितलं ते फक्त यशोधराला.

यशोधराचे वडील राजेंद्र अंबरनाथला कंपनीत फिटर. लेक निवडणुकीला उभी राहते म्हटल्यावर जेवताना ते एवढंच म्हणाले, "मत मागायचं तर काम सांगून माग. आणि सांगितलेलं काम करायचं. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

तिनं काम सांगितलं. वर्गावर्गांत जाऊन म्हणाली, "लांबच्या मुलांसाठी गेट साडेसातपर्यंत उघडं ठेवायला लावीन." मोबाईलवरच्या मतदानयंत्रावर पोरांनी बटणं दाबली, बोटांना मार्करची शाई लागली आणि यशोधरा निवडून आली. आई भावना घरी मुख्यमंत्रिपदाचा पितळी बिल्ला हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली होती.

मग शाळेच्या तपासणीचे साहेब आले. त्यांना मंत्रिमंडळाची बैठक दाखवायची ठरलं. मंत्रिमंडळाचं काम बघणाऱ्या सुनेत्राबाईंनी कोणी काय बोलायचं ते पाठ करून घेतलं होतं: प्लास्टिकबंदी, झाडं लावा, पाणी वाचवा. पोरं पोपटासारखी बोलली. शेवटी यशोधरा उठली आणि न पढवलेलं बोलली. सोनिवलीच्या, चिखलोलीच्या मुलांना वाहन वेळेवर मिळत नाही, त्यांच्यासाठी गेट आणखी अर्धा तास उघडं ठेवावं, असा ठराव तिनं मांडला. सगळे हात वर गेले. सुनेत्राबाईंचा चेहरा उतरला, पण साहेब खूश. "वा, हे खरं नेतृत्व," असं म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "अंमल कधीपासून?"

मुख्याध्यापक हसून म्हणाले, "उद्यापासूनच, साहेब."

आता सांगा, पंधरा वर्षांच्या पोरीनं यात खोटं ते काय समजायचं? साहेबांसमोर मोठे सर बोलले होते. शाळा सुटल्यावर तिनं गोदूला मिठी मारली. "उद्यापासून रिक्षानं ये. त्या पायरीवर बसायचं नाही. माझी गॅरंटी."

"नक्की ना गं?" गोदूनं विचारलं.

"अगं, मंजूर झालंय."

दुसऱ्या दिवशी सातची घंटा झाली तेव्हा मुख्याध्यापक स्वतः गेटपाशी उभे होते. शंकरमामांना त्यांनी बाजूला केलं आणि यशोधराला म्हणाले, "आजपासून हे मुख्यमंत्र्यांचं काम. लाव."

"सर, पण कालचा ठराव..."

"तो ठराव साहेबांसाठी होता. तुला एवढं कळत नाही?" आवाज चढला नाही, तोच समजावणीचा. "अशी रोज अर्ध्या तासाची जत्रा भरवली तर शाळा चालेल का? नसेल जमत तर बिल्ला अल्पेशला दे. तो तयार आहे." शिस्तमंत्री अल्पेश बाजूलाच उभा होता, आणि खरंच तयार होता.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे रिक्षा थांबली. गोदू उतरली. यशोधराला बघून हसली आणि अजिबात न धावता, रमतगमत रस्ता ओलांडू लागली. धावायचं कशाला? गॅरंटी होती ना.

यशोधराच्या मनात काय आलं ते तिनं पुढं स्वतःला हजारदा सांगून पाहिलं. बिल्ला राहिला तर उद्या पुन्हा बोलता येईल. अल्पेशकडे गेला तर सगळंच संपलं. मोठी माणसं खुर्चीला चिकटतात तेव्हा हेच म्हणतात, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं गेट ओढलं आणि कडी घातली.

गोदू गजांच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिनं यशोधराकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "वडलांना घेऊन ये." ती मागे वळली आणि त्याच पायरीवर जाऊन बसली.

कोंडाजी बोलल्या शब्दाला जागले. त्याच आठवड्यात शाळेतून नाव काढलं. "सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दे परीक्षा," असं सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या, पण तो कुणी भरला नाही. गोदूला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मावशीकडे धाडली.

गेट लावलं त्याच संध्याकाळी यशोधरानं घरी सगळं सांगितलं होतं. राजेंद्रनी ताट बाजूला सारलं. "सरांनी लबाडी केली ती केली. पण कडी कुणी घातली?" असं विचारून ते उठून गेले. भावना म्हणाली, "पोर आहे हो ती."

हिवाळ्यात शाळेला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं, उत्कृष्ट विद्यार्थी मंत्रिमंडळाचं. साहेबांच्या शेऱ्यात त्या ठरावाचं खास कौतुक होतं. फोटो फ्रेम करून गेटच्या आतल्या भिंतीवर लावला. मधोमध यशोधरा, हातात ढाल, छातीवर बिल्ला. गेट सातलाच लागत होतं, कडी तीच घालत होती. पुढं बोलण्याची संधी काही आली नाही. येणारही नव्हती, आणि आता हे तिलाही कळत होतं. फोटो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बिल्ला सुनेत्राबाईंच्या टेबलावर ठेवला. बाई म्हणाल्या, "अगं, दोन महिने तर राहिलेत. कशाला उगाच?" अल्पेशनं तो मधल्या सुट्टीच्या आत लावलासुद्धा.

रविवारी ती कॅम्प चारला गेली. जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर बायका-पोरी बसून पँटींचे धागे कापत होत्या. गोदूची बोटं निळी झाली होती. तिनं कात्री न थांबवता यशोधराला बसायला जागा केली.

"मी बिल्ला देऊन टाकला," यशोधरा म्हणाली.

"बरं केलंस."

"चुकलं गं माझं. त्या दिवशीच द्यायला हवा होता."

गोदूनं एक पँट संपवून ढिगावर टाकली, दुसरी ओढली. "गेट किती वाजता लागतं आता?"

"सातलाच."

"हितं आठला हजेरी असते," गोदू म्हणाली. "उशीर झाला की शेठ अर्धा रोज कापतो. पण आत घेतो."