गणपतीत उघडं दार

आमच्या कुत्रीला भित्री म्हणणाऱ्यांचा मला अजूनही संताप येतो. कोठीच्या बाजारात कुणीतरी तिच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं होतं. तिथं आजही केस येत नाहीत. ओतणारा बहाद्दर आणि ही भित्री! अर्धी गावठी, अर्धी कुठल्याशा लांब कानांच्या जातीची. विद्यानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणली तशी ती थेट दिवाणाखाली शिरली. माझ्या हातून पोळीचा तुकडा घ्यायला तिला आठ महिने लागले. आठ महिने मी फरशीवर बसून वाट पाहिली, आणि गुडघे माझे साठीचे.

गणपतीत मोठे दीर राहायला आले. सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली, त्यामुळे घरातही हुकूम सोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मी दाराला कडी घालून ठेवली होती. येणाऱ्याने बेल वाजवावी, मी कुत्रीचा पट्टा धरीन, मग दार उघडेल, एवढाच बेत.

"घरात देव बसलेत अन् दार बंद?" दीर गरजले. "आपल्यात गणपतीत कुलूप लावत नाहीत."

"भाऊजी, कुलूप नाही, नुसती कडी आहे. लोक आले की ती बिचकते."

"एका कुत्रीपायी एवढं परेशान? देवापेक्षा मोठी झाली का ती?"

देव असताना घर सुनं सोडू नये, म्हणून कुलूप लावत नाहीत. घरात नऊ माणसं असताना कडीनं देव रुसतो, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण पाहुणे ऐकत होते, नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. मी उठले, कडी काढली आणि दार उघडं टाकलं.

आरतीला झांजा वाजल्या तशी ती दिवाणाखालून सुटली ती सरळ जिन्यात. अर्ध्या आरतीतून उठू नये म्हणतात. मी उठले. माझ्यामागे कुणीही उठलं नाही.

दोन दिवस मी गल्ल्या पालथ्या घातल्या. जिथं तिथं मांडव, कर्णे, फटाके. एवढ्या गोंगाटात ते लेकरू कुठं दडलं असेल, या विचाराने घास उतरेना. घरी दीर मोदकावर तूप ओतत म्हणाले, "भूक लागली की येईल." ताट उचलून फेकावंसं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन वर आला. "अम्मा, तुमारी कुत्ती सेल्लर में है, गाड्यां के पीछे."

खाली पार्किंगमध्ये, भिंतीला चिकटून, ती थरथरत बसली होती. मी पोळीचा तुकडा पुढे केला. ती कडकडून चावली. मला, पहिल्यांदाच. शेवटी चादर टाकून तिला वर आणली.

मी नळाखाली हात धूत होते, तर दीर मागे येऊन उभे.

"बघ, ज्या हातानं खाऊ घातलं त्यालाच चावली. जनावराला जाण नसते."

"आहे जाण, भाऊजी!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की नवरा धावत आला. "तुम्ही नुसतं बोललात. कडी या हातानं काढली. तिच्या जिवापेक्षा मला चार माणसांत वाईट दिसायची भीती जास्त होती!"