डावीकडचं मागचं चाक

नामाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. शिफ्ट संपायला अर्धा तास होता. चुलतभाऊ संदेश म्हणाला, "ताई, पप्पा गेले गो. सकाळी गाडी धुतली, चाकं पुसली, आन पायरीवर बसले ते बसलेच." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. अशा वेळी कुणी "बरं" म्हणतं का? दोन मिनिटांनी मीच पुन्हा फोन लावला, तर काय बोलायचं ते आठवेना... या गोष्टीला आता दीड महिना होईल. डोकं अजून जाग्यावर नाही, पण त्याचं कारण आता वेगळं आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं गाव जित्याजवळ, घरात सगळे भातशेती करणारे. काका तेवढे ड्रायव्हर झाले. पेणमध्ये त्यांची पांढरी गाडी भाड्यानं चाले, आणि लग्नसराईत तिला मोठी मागणी असे, ती तिच्या चाकांमुळे. काकांनी चारही रिमांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवून घेतला होता. नवरी गाडीत बसायच्या आधी चाकात तोंड बघून कुंकू नीट करते, असं ते अभिमानानं सांगत.

त्या चाकांची निगा हा आमच्या घरातला एक विधीच होता. धरमतरच्या खाडीच्या बाजूला भाडं झालं की खारा वारा चाकाला बसतो, म्हणून काका घरी आल्यावर जेवणाआधी चाकं धूत. तीही गरम असताना नाही. हात लावून बघायचे, निवली की मगच साधं पाणी. मग मऊ धोतराच्या फडक्यानं कोरडं करायचं, अगदी नटांच्या खाचांतसुद्धा पाणी ठेवायचं नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मेणाचा पातळ हात. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की आरतीचं ताट आत जायच्या आधी यांनी चाकावरचं हळदकुंकू पुसलेलं असे. काकी वैतागायची, "देवाला तरी बघू दे जरा!" काका म्हणायचे, "देवानं बघितला. आता डाग पडंल."

मी पेणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. घरात मॅट्रिकपलीकडे गेलेलं दुसरं कुणी नव्हतं. माझी फी, पुस्तकं, एस.टी.चा पास, सगळं काकांनी हौसेनं केलं. त्या पावसाळ्यानंतर डावीकडच्या मागच्या चाकावर गंजाचे बारीक ठिपके उठले. काका रोज घासत, पण ते जाईनात. मी म्हणाले, "काका, हे माझ्या पुस्तकात आहे. ॲसिडनं गंज विरघळतो." काकी लगेच म्हणाली, "पितळेला चिंच लावतो तसा काय? मग चिंचच लाव की!" मी हसले. फरशी धुवायचं ॲसिड मी बाजारातून आणलं होतं. काकांनी चाकावरून एकदा फडकं फिरवलं आणि म्हणाले, "लाव गो बाय. शिकलेला माणूस सांगतो तर लाव."

मी लावलं. बुडबुडे आले. मला वाटलं, गंज निघतोय. धुतल्यावर ठिपके खरंच फिके झाले होते, पण सगळ्या चाकावर एक पिवळसर झाक आली होती. मी दुसऱ्या चाकाकडे वळले तर काका म्हणाले, "पुरे आज. बाकीची मी बघतो." ती त्यांनी कधीच 'बघितली' नाहीत. पुढच्या पंधरवड्यात ते चाक मंद झालं, मग तपकिरी. कुणी विचारलं तर काका सांगत, "खाडीच्या वाऱ्यानं खाल्ला." आणि मला म्हणत, "तुझ्या औषधानं जरा तरी टिकला, नायतर आधीच गेला असता."

मी विश्वास ठेवला. नोकरीला लागल्यावर मला नीट कळलं, की ते ॲसिड गंजाच्या आधी क्रोमच खातं. क्रोमचा थर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असतो, त्याच्याखाली पिवळट निकेल. मी दहा मिनिटांत तो पापुद्रा काढून टाकला होता. हे काकांना सांगायचं म्हणून मी कितीतरी वेळा गावी गेले, आणि जेवून परत आले.

काका मात्र ओळखीचे ड्रायव्हर माझ्याकडे पाठवत. "आमची पुतणी केमिस्ट हाय, तिला विचारा." एकदा ते स्वतःच एकाला घेऊन रोह्याला आले. मी त्याला सांगितलं, "ॲसिड अजिबात लावू नका. क्रोम जातं." आणि मग काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे नाही, त्या माणसाकडे बघत होते. "ऐकला ना?" ते त्याला म्हणाले. "आता घरी जाऊन विसरू नको, गाढवा." तेवढंच. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. त्यांना माहीत आहे की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही... आजही तो चेहरा आठवून बघते, तर कधी वाटतं माहीत होतं, कधी वाटतं ते फक्त माझं कौतुक करत होते.

तेरावं झाल्यावर संदेश म्हणाला, लग्नसराई येतेय, चारही चाकांना नव्यानं क्रोम करून घेऊ. आम्ही पेणला रशीदभाईंच्या प्लेटिंगच्या कारखान्यात गेलो. पहिलं काम त्यांनीच केलं होतं. म्हाताऱ्यानं डावीकडचं चाक बघताक्षणी ओळखलं.

"हा नामदेवनं आणला होता. ॲसिड मारल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. मी शिव्या घातल्या, कोणत्या गाढवानं मारला? तर म्हणाला, मीच मारला, अडाणी माणूस. बोललो, टाकून जा, नवा करून देतो. म्हणाला, आता नको. घरात परीक्षा हाय. ती होऊ दे, मग आणतो."

"मग?"

"मग आलाच नाय."

संदेशनं विचारलं, "पण पप्पांनी ॲसिड कशाला मारला असंल? ते तर साबणसुद्धा लावू द्यायचे नायत."

"त्यांनी नाही मारलं," मी म्हणाले. "मी मारलं."

कारखान्यातली मोटर चालू होती, म्हणून मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. रशीदभाईंनी चाकावरून अंगठा फिरवला आणि हसायला लागले. "अरे बाई, जुना क्रोम काढायला आम्हीपण तोच ॲसिड वापरतो. तीन चाकांना आता बुडवावा लागंल. तुझ्या चाकाचा अर्धा काम तू तेव्हाच करून ठेवलास!"

मलाही हसू आलं, आणि मग बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

परीक्षा झाली, मी पास झाले, पेढे वाटले. मग काकांनी चाक का नेलं नाही? नवं चाक बघून मी विचारीन, आणि मला माझी चूक कळेल, म्हणून? की रोज ते बघून त्यांना काही वेगळंच आठवत असेल? आणखी एक गोष्ट मला आता कळतेय. ॲसिड लावल्यापासून लग्नाच्या दारात ते गाडी नेहमी डावी बाजू भिंतीला लावून उभी करत. नवरीला रस्त्याच्या बाजूनं चढावं लागे, बायका बोलत, पण त्यांनी ऐकलं नाही. काकीला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक गो? त्याच्या मनातला त्यालाच ठाऊक."

चाकं परत आली आहेत. सुट्टीच्या दिवशी मी रोह्याहून येते, साध्या पाण्यानं ती धुते आणि फडक्यानं कोरडी करते. रशीदभाईंच्या माणसानं ती कुठली कुठे बसवली, कुणालाच माहीत नाही. चारही सारखीच चमकतात. यातलं माझं कोणतं, हे काकांनी नुसतं हात लावून सांगितलं असतं. मला सांगता येत नाही. मी एकेका चाकापुढे बसते, त्यात माझं तोंड दिसतं, आणि पुढच्या चाकाकडे सरकते.