दुपारी विसरणारं मशीन

"हे बघ गं. सकाळी इथं अक्षरं होती. आता फोड आलाय."

विजयाअक्कांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. स्क्रीनवर एक वीरगळ होता. लढताना मेलेल्या माणसासाठी गावाने उभा केलेला दगड. त्याच्या मधोमध, जिथे ओळ असायला हवी, तिथे एक बेढब उंचवटा.

अक्का मूळच्या निपाणीच्या. बंगळूरच्या चामराजपेटेत राहून आयुष्यभर चित्रकला शिकवली. आता त्या देवनहळ्ळीकडच्या शेतांत असे दगड शोधत हिंडतात. एकेका दगडाचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढतात. सॉफ्टवेअर ते फोटो जुळवून कॉम्प्युटरमध्ये अख्खा दगड उभा करतं. मग त्यावर हवा तिथून उजेड पाडता येतो. तिरक्या उजेडात झिजलेल्या अक्षरांची सावली पडते आणि डोळ्यांना न दिसलेली ओळ वर येते.

हा दगड ज्या शेतात होता तिथे आता प्लॉट पडत होते. साइट इंजिनिअर अक्कांना आजच म्हणाला होता, "अक्षरं दाखवा, तेवढा कोपरा सोडतो. नाहीतर उद्या जेसीबी येतोय."

"सकाळची अक्षरं खरी की दुपारचा फोड खरा, मलाच कळंना झालंय," अक्का म्हणाल्या. "खोटं काही घेऊन गेले तर तो हसंल. आणि पुढच्या दगडाला माझं कोण ऐकणार?"

मशीन आमच्या जे. पी. नगरच्या दुकानातलं. मी तिथे मशीन जोडते, तपासते. या मशीनची रॅम, म्हणजे मेमरी, मात्र आमचे मालक रोहितदादा यांनी स्वतः ट्यून केली होती. दादा पुण्याचे. ओव्हरक्लॉकिंग हे त्यांचं वेड. म्हणजे कंपनीने हमी दिलेल्या वेगाच्या पुढे मशीन पळवणं. मी दादांना फोन लावला.

"दादा, अक्कांच्या रॅमचं टीरेफी किती ठेवलंय?"

"मॅक्स. का?"

"दुपारी रिझल्ट चुकतोय."

"शक्यच नाही. टेस्ट पास झालीये. सॉफ्टवेअर गंडलं असेल."

"टेस्ट कुठे केली होती?"

"दुकानात. आणखी कुठे, लालबागेत झाडाखाली?"

आमच्या दुकानात एसी आहे. अक्कांची खोली गच्चीवर आहे आणि वर पत्रा आहे.

टीरेफी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. रॅममधला प्रत्येक कप्पा एका सूक्ष्म भांड्यासारखा असतो. भांड्यात वीज भरली की एक, रिकामं झालं की शून्य. पण हे भांडं गळतं. म्हणून मशीन एका सेकंदात अनेकदा सगळ्या भांड्यांवरून फिरतं आणि जे विसरत आलंय ते पुन्हा भरतं. अब्जावधी भांडी, आणि फेरी कधी चुकत नाही. मी हे शिकले तेव्हा हातातली रॅमची पट्टी खाली ठेवायला धजले नव्हते. आपण जिला मेमरी म्हणतो ती क्षणोक्षणी विसरत असते आणि क्षणोक्षणी स्वतःला आठवण करून देत असते.

ही फेरी चालू असताना रॅमला दुसरं काम करता येत नाही. म्हणून ओव्हरक्लॉकिंगवाले दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवतात. तेच टीरेफी. अंतर वाढलं की वेगाचा आकडा वाढतो. थंड खोलीत हे खपून जातं. उष्णतेत भांडी जास्त गळतात, आणि फेरी येण्याआधीच काही एकांचे शून्य होतात.

मी ग्राफिक्स कार्डावर लोड टाकला आणि सोबत मेमरी टेस्ट लावली. कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जात होती. रॅमचं तापमान चढत गेलं. मग चूक दाखवणारी एक लाल ओळ आली. मग आणखी. मग ओळीच ओळी.

पुन्हा फोन.

"बरं, मग बाजूचं झाकण काढ आणि टेबल फॅन लाव," दादा म्हणाले. "आजचं काम निघेल."

"आणि वीज गेली, फॅन थांबला, तर? फॅन असेपर्यंतच खरं बोलणारं मशीन द्यायचं का आपण?"

"भाषण नको. त्यांना फास्ट मशीन हवं होतं."

"अक्कांनी फास्ट शब्द उच्चारलासुद्धा नव्हता. फास्ट तुम्हाला हवं होतं, दादा. दुकानाच्या व्हिडिओत आकडा दाखवायला."

अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"रोहित, स्वल्प ऐक. हळू चाललं तर मी वाट बघीन. आयुष्यभर पोरांची चित्रं पुरी व्हायची वाटच बघितली की. पण खोटं नको."

"सरी, अक्का," दादा म्हणाले. बंगळूरात इतकी वर्षं राहून त्यांचं कन्नड तेवढंच, 'बरं' म्हणण्यापुरतं.

मी वेग हमीच्या आकड्यावर आणला. फेऱ्यांचं अंतर कंपनीने ठरवलं होतं तसं केलं. मग खिडकी लावली, दार लावलं, फॅन बंद केला आणि टेस्ट सुरू केली. आम्ही दोघी घामाने निथळत बसलो. एकही लाल ओळ आली नाही. त्यानंतरच दगडाचं काम लावलं, तेही दोनदा, आणि स्क्रीनवर दोन्ही दगड एकमेकांवर बसवून पाहिले. फरक दिसला नाही.

अक्कांनी माउसने उजेड डावीकडून उजवीकडे सरकवला.

सपाट दगडावर आधी एक उभी रेघ उठली. मग वळण. मग पूर्ण ओळ, जुन्या कन्नडातली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझ्याजवळचं सगळ्यात वेगवान यंत्र सेकंदभर दुर्लक्ष झालं तर सगळं विसरतं. आणि हा दगड. कुणी छिन्नीने एकदा सांगितलं, आणि ऊनपावसात, बैलांच्या खुरांत, ट्रॅक्टरच्या धक्क्यांत त्याने ते धरून ठेवलं. कुणीही पुन्हा आठवण करून दिली नव्हती.

अक्का अडखळत वाचत होत्या. "गाई... सोडवताना... पडला."

"कोण?"

"नावाचं पहिलं अक्षर फुटलंय. नाही लागत." त्यांनी डोळे टिपले. "फुटलंय ते फुटलंयच म्हणायचं. आपण भरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही साइटवर गेलो. इंजिनिअरने प्रिंट हातात घेतली, दगडाशी धरली, बोट फिरवून अक्षरं चाचपली. जेसीबी मागे घरघरत होता.

"हा माणूस कुठला, अक्का?" त्याने कन्नडमध्ये विचारलं.

"इथलाच. तू उभा आहेस तिथला."

तो दोन पावलं मागे सरकला. मग ड्रायव्हरला हात केला आणि चुन्याची रेघ दगडाला वळसा घालून आखायला लावली.

दुकानाच्या व्हिडिओतला आकडा आता पूर्वीपेक्षा लहान दिसतो. दादा अजून कुरकुरतात. पण प्रत्येक मशीनची शेवटची टेस्ट आता आमच्या गोडाऊनमध्ये, भर दुपारी, फॅन न लावता होते. एसीत पास झालेलं मशीन फक्त एसीत पास झालेलं असतं.