वहिनींची बसकरं

माझी पुतणी मित्रा हिचा फोन आला तेव्हा मी लातूरला शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून जुन्या कॅरीबॅग मागत होतो. "काका, आई गेली..." एवढंच ती नांदेडहून म्हणाली. शेजारीणबाईंनी आतून आणलेल्या सात-आठ पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि मी त्या घेतल्यासुद्धा. घरी येऊन खुर्चीवर बसलो, तेव्हा लक्षात आलं की आता त्या न्यायच्या कुणाकडे.

शांतावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. सरकारी दवाखान्यात उभा जन्म सिस्टर म्हणून काढला. दादा गेले, पाठोपाठ नोकरी संपली आणि वहिनींनी क्रोशाची सुई हाती घेतली. वापरून टाकलेल्या पिशव्या आणायच्या, औषधाच्या पाण्यात धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, मग बंद आणि बूड कापून आडव्या पट्ट्या काढायच्या आणि त्या एकीत एक अडकवून बसकर विणायचं. ही बसकरं विहारासाठी. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी बायका ग्रंथ ऐकायला बसायच्या आणि फरशीच्या गारव्यानं म्हाताऱ्यांचे गुडघे धरायचे. नियम मात्र दवाखान्यातल्यासारखा कडक होता, पिशवी वापरलेलीच हवी. "नवी पिशवी फाडायची म्हंजे कचरा आपनच केल्यावानी झालं," असं म्हणायच्या. महिन्याकाठी दोन मोठी गाठोडी घेऊन मी लातूर-नांदेड गाडीत बसायचो. कंडक्टर मला भंगारवाला समजायचा आणि मीही त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

एका वर्षी त्यांनी आषाढी पौर्णिमेपर्यंत वीस बसकरं द्यायचा शब्द विहारात दिला. नेमक्या तेव्हाच पिशव्या मिळेनात, कारण प्लास्टिकबंदीमुळे लोक कापडी पिशव्या वापरायला लागले होते. वहिनींचा शब्द खाली पडणार, या विचारानं मीच कासावीस झालो. ओळखीच्या एका दुकानदारानं पांढऱ्या, मऊसूत, कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठाच देऊ केला. मोह आवरला नाही. घरी नेऊन त्या चुरगळल्या, पायाखाली तुडवल्या, दोन-चार पिशव्यांना हळदीचे डागही लावले. साठीतल्या माणसानं हे उद्योग करावेत! पण वहिनी खूश झाल्या, पिशवी बोटांत चोळून म्हणाल्या, "लई मऊ हाय हो, भाऊजी." वीसच्या वीस बसकरं वेळेत विहारात पोचली.

वर्षावासाच्या समारोपाला मी मुद्दाम नांदेडला गेलो. वंदना झाली, बायका उठल्या आणि प्रत्येकीच्या पांढऱ्या साडीला मागून भुगा चिकटलेला. हात लावला की बसकराचे तुकडे पडत होते. त्या पिशव्या आपोआप कुजणाऱ्या जातीच्या निघाल्या होत्या... कुणीतरी हसलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझंच विनकाम ढिलं पडलं," आणि केरसुणी घेऊन सगळा भुगा स्वतः झाडून काढला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ते नुसता पाहत होतो. पुढे वर्षभर त्यांनी ती वीसही पुन्हा विणली. प्रत्येक खेपेला गाडीत ठरवायचो की आज सांगून टाकायचं. मग चहा यायचा, मित्राच्या बदलीचा विषय निघायचा आणि मी आलो तसा परत जायचो. माझ्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात आदरांजली वाहायला उभा राहिलो. वहिनींच्या सेवेबद्दल, शिस्तीबद्दल चार वाक्यं बोललो आणि पुढचं आपोआपच बाहेर पडलं. ती बसकरं विरली, त्यात वहिनींचा दोष नव्हता, पिशव्या मी आणल्या होत्या आणि कोऱ्या असून जुन्या म्हणून दिल्या होत्या. मग पुढच्या रांगेतून वहिनींच्या शेजारीण गयाबाई म्हणाल्या, "आमाला समद्यायला ठावं हाय की."

गयाबाईंनीच उलगडा केला. निम्म्या पिशव्यांची तोंडं चिकटलेलीच होती, एकदाही उघडलेली नव्हती. त्या कोऱ्या आहेत, हे वहिनींनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरीही विणल्या. भुगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकांना गोळा करून त्यांनी ताकीद दिली होती. "म्हनल्या, भाऊजीम्होरं कुनी हसू नका, कुनी इचारू नका. मानूस लाजंल अन् यायचं बंद करंल. पिशव्या काय, कुटूनबी मिळत्यात."

विहार हळूच हसला. मी खाली बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो.

निघताना मित्रानं वहिनींच्या खाटेवरचं अर्धवट विणलेलं बसकर माझ्या पिशवीत घातलं. पूर्ण करून देते म्हणाली, मी नको म्हटलं. रोज सकाळी लातूरच्या घरात त्यावर वंदनेला बसतो. माझी एक मांडी त्यावर मावते. दुसरीला फरशी गार लागते.