ओलेटाच्या खिशातलं पिस्तूल

ओलेटा कोम्ब्सने सत्तावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं पिस्तूल विकत घेतलं. दुकानात तिच्याबरोबर मी होते. आमच्या केंटकीच्या डोंगरात ही काही बातमी नाही. इथले बाप्ये कुत्रा फिरवायला निघाले तरी कमरेला काहीतरी खोचतात. पण ओलेटाने ते का घेतलं आणि तिच्या गळ्यात कसलं मारलं, हे कुणीतरी लिहायला हवं.

ओलेटा तीस वर्षं घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळते. आंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, उचलून खुर्चीत बसवायचं. आम्ही या बायकांची युनियन काढली तेव्हा पहिल्या अकरा जणींत ती होती. तिची मुलगी नशेच्या गोळ्यांच्या व्यसनात गेली आणि सहा वर्षांची नात टॅन्सी तिच्या पदरात पडली. टॅन्सीचा बाप ड्वेन तुरुंगात होता. तो शुक्रवारी सुटणार होता. कोर्टात सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "पोर न्यायला येईन, म्हातारे. आडवी आलीस तर आडवी पाडीन."

ड्वेनने घराजवळ फिरकू नये असा कोर्टाचा कागद होता. पण शेरीफची गाडी तिच्या घळीत पोचायला पाऊण तास लागतो. तोवर कागद कुणाच्या तोंडावर धरायचा?

म्हणून मंगळवारी आम्ही वर्जिलच्या दुकानात गेलो. वर्जिलच्या आईला शेवटची दोन वर्षं ओलेटानेच सांभाळलं होतं. त्याने काचेखालून एक इवलंसं काळं पिस्तूल काढलं.

"काकू, तुमच्यासाठी हेच. पत्त्यांच्या कॅटाएवढं आहे. गणवेशाच्या खिशात टाका, पेशंटलासुद्धा कळणार नाही."

ओलेटाने ते तळहातावर घेतलं. "अगंबाई! माझा टीव्हीचा रिमोट याहून जड आहे."

कितीतरी दिवसांनी ती हसली होती, म्हणून मीही गप्प बसले. तिथेच चुकले.

आमच्याकडे नवं हत्यार निघालं की दुकानातला प्रत्येक जण ते हातात घेऊन बघतो. तिथे तिघे टोळभैरव कॉफी पीत बसलेच होते. एकेकाने घेतलं, वरची स्लाइड खाटकन मागे ओढली, सोडली, मान डोलावली.

"झकास! माझ्या बायकोला हेच घेतो."

"तिला देऊ नकोस बाबा. मग घरी कसा जाशील?"

खो खो हसणं झालं. पिस्तूल सगळ्यांच्या हातांतून फिरलं. जिला वापरायचं होतं तिने मात्र स्लाइड ओढून पाहिली नाही, आणि तिला तसं सांगितलंही नाही कुणी. चार बाप्ये बघत असताना तिला लाज वाटली, हे तिने मला नंतर सांगितलं. फॉर्म भरला, फोनवरून सरकारी मंजुरी आली, पिस्तूल तिचं झालं.

दुकानामागे मातीचा बांध आहे. तिथे ओलेटाने कान झाकले, गोळ्यांचं मॅगझिन आत सारलं आणि पहिली गोळी नळीत चढवायला स्लाइडला हात घातला. ती हलेना. परत ओढली. बोटं घसरली. तीस वर्षं माणसं उचलून तिच्या अंगठ्यांच्या सांध्यांच्या सुजून गाठी झाल्यात. कपाळावर घाम आला.

"काकू, लोणच्याची बरणी समजा," वर्जिल म्हणाला.

"लोणच्याच्या बरण्याही टॅन्सीच उघडते रे," ती म्हणाली.

शेवटी त्यानेच ओढून दिली. तिने सहा गोळ्या झाडल्या. एवढंसं ते, पण प्रत्येक झटक्याला हात कपाळापर्यंत उडत होता. दोन पुठ्ठ्याला लागल्या, चार मातीत. अंगठ्याजवळची कातडी सोलून निघाली.

माझं डोकं फिरलं. "जेवढं छोटं तेवढी आतली स्प्रिंग ताठ. तुला माहीत होतं ना रे?"

"बायकांना छोटंच देतो आम्ही. पहिल्यापासून तसंच आहे."

"याच हातांनी तुझ्या आईला रोज कुशीवर वळवलंय हिने! हात बघितलेस कधी?"

झाडलेलं हत्यार परत घेत नाहीत. त्याने स्लाइड नसलेलं रिव्हॉल्व्हर दाखवलं, तर त्याचा चाप तिच्या एका बोटाला दबेना. मऊ स्प्रिंगचं मोठं पिस्तूल मागवायचं तर दोन आठवडे. शुक्रवार तीन दिवसांवर.

"मग गोळी चढवूनच ठेवा," वर्जिल पुटपुटला. "सगळे तसंच ठेवतात."

"टॅन्सी दिवसभर माझे खिसे उचकते. पेपरमिंटसाठी," ओलेटा म्हणाली. "गादीवर उड्या मारते, उशा उलथते. कपाटावर चढते. कुठे ठेवू, सांग."

वर्जिलने ते रिकामं करून डब्यात घालून दिलं.

बुधवारी तिची बहीण दूरच्या डेटन शहरातून आली आणि टॅन्सीला घेऊन गेली. गुरुवारी दुपारी मी गेले तेव्हा ओलेटा स्वयंपाकघरात बसली होती. पिस्तूल टेबलावर, पुसून ठेवलेलं.

"तूही जा ना डेटनला," मी म्हणाले. "दोन पेशंटचं आम्ही बघू. युनियन कशाला आहे?"

"तो इथे येणार. घर रिकामं दिसलं तर त्याला कळेल कुठे जायचं ते. माझी एकच बहीण आहे, ठाऊक आहे त्याला." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मी इथे दिसले तर त्याला वाटेल पोरही इथेच आहे. तो इथेच थांबेल."

"आणि मग?"

"मग काय? तेवढाच वेळ पोरीला."

मी भांडले, ओरडले, टेबलावर हात आपटला. भल्याभल्या साहेबांना मी खुर्चीतून उठवलंय, पण ही बाई खुर्चीतून हलली नाही. माझं बोलणं संपेपर्यंत थांबली आणि पिस्तूल माझ्याकडे सरकवलं.

"आता घरात पोर नाही," ती म्हणाली. "तुझे हात धड आहेत. तेवढी गोळी चढवून दे."

मी दिली.